महागडा लॅपटॉप घ्यावा का? चला, हिशेब मांडू या!

बालमित्रांनो, आपण बुलढाणा जिल्ह्यातली माणसं. कापूस आपल्याला शिकवावा लागत नाही. तरी एक प्रश्न विचारते. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये हमीभाव ठरवला आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये. मग हे वरचे ४०० रुपये कशाचे?

बरोबर! धाग्याच्या लांबीचे. लांब धाग्यापासून बारीक सूत निघतं आणि बारीक सुतापासून तलम कापड. ज्या गिरणीला तलम कापड विणायचं आहे, ती हे जास्तीचे पैसे आनंदाने मोजते. पण घरी गादी भरायची असेल तर? मग पिंजारी सांगेल, "आखूड धाग्याचा जाडाभरडा देशी कापूस आणा. तो लवकर दबत नाही." म्हणजे महाग कापूस वाईट नाही आणि स्वस्त कापूसही वाईट नाही. आधी विचारायचं ते एवढंच, की काम कोणतं?

आज आपण हाच प्रश्न लॅपटॉपला विचारणार आहोत. दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की शाळेत पालक येतात. त्यातले पुष्कळ जण स्वतः माझ्याच शाळेत शिकलेले, किंवा त्यांची मोठी मुलं माझ्या हाताखालून गेलेली. ताईचा पॉलिटेक्निकला नंबर लागलेला असतो, दादा इंजिनीअरिंगला निघालेला असतो. "मॅडम, पोरगी म्हणते महागाचाच पाह्यजे. तिच्या मैत्रिणीनं घेतला. आता तुमीच सांगा, घेऊ का नको?" प्रश्न साधा वाटतो, पण तो साधा नाही. कारण त्यामागे कुणाचं सोयाबीन असतं, कुणाच्या आईचं डोरलं असतं.

अकरा किलोंचा 'हातातला' संगणक

सुरुवात थोड्या गमतीने करू. बरोबर नेता येईल असा संगणक बाजारात पहिल्यांदा गाजला तो १९८१ मध्ये. त्याचं नाव ऑस्बोर्न-१. वजन किती असेल? तब्बल ११ किलो! शिलाई मशीनच्या पेटीसारखा तो दिसे. पडदा फक्त पाच इंचांचा, म्हणजे आजच्या मोबाइलपेक्षाही लहान, आणि आत बॅटरीही नव्हती. किंमत होती १,७९५ डॉलर. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती, तरी लोकांनी तो घेतला. कारण त्याआधीचा संगणक टेबलावरून हलतच नव्हता.

आज दीड किलोचा साधा लॅपटॉप त्याच्या हजारो पटीने काम करतो. संगणकाच्या दुनियेत कालची चैन आज साधी गोष्ट होते, हे लक्षात ठेवा. पुढे हिशेबात त्याचा उपयोग होणार आहे.

किंमत कशाकशाची?

आपलं खामगाव चांदीसाठी प्रसिद्ध आहे. रजतनगरीच म्हणतात त्याला. चांदीचं निरांजन घ्यायला गेलात तर किंमतीचे भाग सरळ दिसतात. एक चांदीच्या वजनाचा, दुसरा घडणावळीचा. आणि दुकान नावाजलेलं असेल तर नावाचेही थोडे पैसे लागतातच. लॅपटॉपची किंमतही अशीच तीन भागांत फोडता येते. चला, फोडू या.

पहिला भाग 'चांदीचा', म्हणजे आतल्या खऱ्या वस्तूंचा.

प्रोसेसर हा लॅपटॉपचा मेंदू. १९७१ साली निघालेल्या इंटेल ४००४ या प्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेची इवलीशी बटणं. २०२० मध्ये अ‍ॅपल कंपनीने आपल्या लॅपटॉपमध्ये एम-१ नावाची चिप बसवली. तिच्यात १,६०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत, आणि तेही नखाएवढ्या जागेत! आहे की नाही नवल?

रॅम म्हणजे कामाचं टेबल. टेबल लहान असेल तर एका वेळी एकच वही उघडता येते. मोठं असेल तर वही, पुस्तक, नकाशा, कंपासपेटी सगळं पसरून बसता येतं. साठवण म्हणजे कपाट. सगळं सामान तिथे ठेवायचं. पूर्वी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असे. आता एसएसडी असते. तिच्यात काही फिरत नाही, म्हणून ती पुष्कळ वेगवान असते आणि धक्केही जास्त सोसते.

पडद्याची चमक 'निट्स' या मापात मोजतात. स्वस्त लॅपटॉपचा पडदा बहुधा २५० निट्सच्या आसपास असतो, महागड्यांचा ४०० किंवा त्याहून जास्त. खोलीत बसून अभ्यास करायला २५० चालतो. ओसरीत, उजेडात बसलात तर डोळे बारीक करावे लागतात.

बॅटरी वॉट-अवर या मापात मोजतात. आकडा जेवढा मोठा, तेवढी तिच्यात साठलेली वीज जास्त.

दुसरा भाग 'घडणावळीचा'. अ‍ॅल्युमिनियमचं अंग, घट्ट बिजागरी, बोटांना हलका वाटणारा कीबोर्ड, कमी वजन, आवाज न करणारा पंखा. हे काही दिखाऊ नाही. रोज एसटीने कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्या पाठीवरचं अर्धा किलो वजन कमी होणं ही चांगलीच गोष्ट आहे.

तिसरा भाग नावाचा. झाकणावर चमकणारं चिन्ह. यानं गणित लवकर सुटत नाही. बरं, नावाबरोबर कधीकधी चांगली सेवाही मिळते, हे खरं. पण ती सेवा आपल्या गावाच्या किती जवळ आहे, ते आधी विचारायला हवं. संग्रामपूर किंवा लोणार तालुक्यातल्या खेड्यात लॅपटॉप बिघडला आणि कंपनीच्या अधिकृत दुकानासाठी अकोला नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावं लागलं, तर नाव कितीही मोठं असो, दिवस तर आपलाच बुडतो ना?

एकाच झाडाची संत्री

आता एक गुपित सांगते. विदर्भात संत्र्याची तोडणी झाली की काय करतात? प्रतवारी करतात. मोठी, एकसारखी फळं वेगळी, लहान वेगळी. झाड एकच, पण भाव वेगळे.

प्रोसेसरच्या कारखान्यातही असंच होतं, बरं का! सिलिकॉनच्या एका चकतीवर शेकडो चिपा एकदम बनतात. मग एकेक चिप तपासतात. जी सगळ्यात वेगाने चालते, तिला वरची प्रत. जिच्यातला एखादा भाग नीट चालत नाही, तिचा तेवढा भाग बंद करून तिला खालच्या प्रतीत विकतात. २०२० च्या मॅकबुक एअरमध्ये हे स्पष्ट दिसलं. कमी किमतीच्या यंत्रात चित्रं रंगवणारे ७ भाग चालू होते, जास्त किमतीच्या यंत्रात ८. चिप मात्र तीच, एम-१.

म्हणून 'वरची प्रत' हे शब्द ऐकून लगेच दिपून जाऊ नका. फरक ७ आणि ८ चा आहे की २ आणि ८ चा, हे विचारा.

धनगरवाड्यावरचे हिरवे लॅपटॉप

आता आपल्याच महाराष्ट्रातली एक खरी गोष्ट. अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत संस्थेतले प्राध्यापक निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये एक कल्पना मांडली. जगातल्या गरीब मुलांसाठी शंभर डॉलरचा लॅपटॉप! योजनेचं नाव 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' अशा अर्थाचं. भारताच्या केंद्र सरकारने २००६ मध्ये या योजनेला नकार दिला होता. तरीही २००७ मध्ये भारतातला तिचा पहिला प्रयोग झाला. कुठे ठाऊक आहे? रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराट धनगरवाडा या छोट्या वस्तीवर. पहिली ते चौथीची शाळा आणि बावीस मुलं. म्हणजे अगदी आपल्या एखाद्या वस्तीशाळेसारखीच!

त्या लॅपटॉपचं नाव एक्सओ. पांढरा-हिरवा, वर सशासारखे दोन कान. ते कान म्हणजे बिनतारी जाळ्याच्या अँटेना. त्याचा प्रोसेसर त्या काळीही मंदच होता. रॅम २५६ एमबी, साठवण अवघी एक जीबी. पण गंमत पाहा. त्याचा पडदा भर उन्हात वाचता येई! कीबोर्ड रबराचा, सलग, त्यात धूळ-पाणी शिरत नसे. फिरणारी डिस्क नाही, पंखा नाही. वीजही अगदी थोडी लागे.

याचा अर्थ समजला? बनवणाऱ्यांनी पैसे वाचवले, पण डोळे मिटून नाही. खेड्यातल्या मुलाला ऊन, धूळ आणि विजेची टंचाई यांच्याशी सामना करायचा असतो. म्हणून तिथे पैसे घातले. वेगाची तेवढी गरज नव्हती, म्हणून तिथे वाचवले. हाच तर शहाणा खर्च! अर्थात शंभर डॉलरचं स्वप्न पुरं झालं नाही. २००७ च्या अखेरीस त्याची किंमत १८८ डॉलरच्या आसपास गेली होती.

पुढे दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने हे लॅपटॉप लाखोंनी घेतले. तिथल्या ३१९ शाळांमध्ये तपासणी झाली आणि तिचा अहवाल २०१२ मध्ये आला. सुमारे पंधरा महिन्यांनंतर मुलांच्या गणिताच्या आणि भाषेच्या गुणांत काही फरक पडला होता का? नाही. मुलं संगणक छान हाताळू लागली होती, पण नुसतं यंत्र हाती आल्याने गणित सुधारलं नव्हतं. पालकहो, ही ओळ तेवढी पुन्हा एकदा वाचा.

आणि आकाश टॅब्लेट

स्वस्ताची दुसरी बाजूही पाहायला हवी. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' टॅब्लेटचा मोठा समारंभ झाला. सरकारला तो सुमारे २,२७६ रुपयांना पडणार होता. जगभर बातमी झाली. पण हाती आल्यावर तक्रारी सुरू झाल्या. पडद्यावर बोट नुसतं टेकवून चालेना, दाबावं लागे. यंत्र मंद होतं आणि बॅटरी लवकर संपे. नंतर आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली सुधारलेली आवृत्ती तयार झाली आणि ती नोव्हेंबर २०१२ मध्ये आली. तिचा पडदा आणि वेग दोन्ही बरे होते.

एक्सओ आणि आकाश, दोन्ही स्वस्तच. पण पहिल्याने जिथे नको तिथे काटकसर केली, आणि दुसऱ्याने जिथे रोज बोट लागतं तिथेच काटकसर केली. म्हणून अगदी तळाचा, सगळ्यात स्वस्त लॅपटॉप पाहून भुलायचं नाही. चार जीबी रॅमचा लॅपटॉप आज घेतला, तर पहिल्याच सत्रात तो रडायला लागतो.

आपल्या वऱ्हाडातला माणूस

शेजारच्या अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचं खेडं आहे. तिथे १९४६ साली विजय भटकर यांचा जन्म झाला. नाव ऐकलंय ना? भारताच्या पहिल्या 'परम' महासंगणकाचे शिल्पकार.

१९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेची क्रे कंपनी जगातले सगळ्यात महागडे महासंगणक बनवत असे. पण हवा होता तो संगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला. तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि भटकरांच्या नेतृत्वाखाली काम चाललं. त्यांनी एकच एक राक्षसी, महागडा प्रोसेसर शोधला नाही. बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर घेतले, ते एकमेकांना जोडले आणि काम वाटून दिलं. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

यातून आपण काय घ्यायचं? आपला लॅपटॉप काही महासंगणक नाही. पण अवघड काम महागड्या वस्तूशिवाय होतच नाही, ही समजूत मात्र त्या पुण्याच्या मंडळींनी खोटी ठरवली.

आता पाटी-पेन्सिल घ्या

हिशेबासाठी दोन लॅपटॉप धरू या. साधा ४५,००० रुपयांचा आणि महागडा ९५,००० रुपयांचा. फरक ५०,००० रुपयांचा. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. म्हणजे हा फरक जवळजवळ साडेनऊ क्विंटल सोयाबीनचा! चांगलं पिकलं तर एकरी सात-आठ क्विंटल होतं. एका एकराचं सगळं पीक या फरकात जाईल, वर थोडं कमीच पडेल. त्यातून बियाणं, खत, फवारणी, मजुरी वजा केलेली नाही. बाजारात हमीभावापेक्षा कमी मिळाले तर पोती आणखी वाढतील.

दुकानदार म्हणेल, "महागडा जास्त टिकतो." हे मान्य करू. साधा चार वर्षं आणि महागडा सात वर्षं चालेल असं धरू.

साधा : ४५,००० भागिले ४ = वर्षाला ११,२५० रुपये.
महागडा : ९५,००० भागिले ७ = वर्षाला साधारण १३,५७० रुपये.

अरे, फरक तर फारसा नाही! दिवसाला सहा-सात रुपये. मग घ्यायचा का महागडा?

थांबा, अजून तीन गोष्टी पाहायच्या आहेत.

पहिली, सात वर्षांची खात्री कुणी दिली? हॉस्टेलवर चोरी झाली, चहा सांडला, बसमध्ये पडला, तर महागडाही त्याच क्षणी जातो. तीनच वर्षं टिकला तर वर्षाला ३१,६०० रुपयांच्या वर पडला. शिवाय यंत्र धडधाकट असूनही जुनं होतं. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा-सुधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. २०१५ मध्ये हौसेनं घेतलेले लाखाचे विंडोज लॅपटॉपही नव्या विंडोज ११ च्या अटीत बसले नाहीत. कंपनीनं किंमत विचारली नाही, प्रोसेसरचं वय विचारलं.

दुसरी, वाचलेले ५०,००० रुपये झोपून राहत नाहीत. सहा टक्के व्याजाने चार वर्षं ठेवले तर चक्रवाढीने ६३,००० रुपयांच्या वर होतात. तेवढ्यात चार वर्षांनी एक नवा लॅपटॉप येतो, आणि तो आजच्यापेक्षा वेगवान असण्याचीच शक्यता जास्त. ऑस्बोर्नची गोष्ट आठवली ना?

तिसरी, हप्ते. "शून्य टक्के व्याज" अशी पाटी पाहून पालक सुखावतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते. व्याज कुठेतरी लपलेलं असतं. कधी प्रक्रिया शुल्कात, कधी रोखीची सूट न देण्यात. म्हणून दुकानात विचारायचं, "आज रोख दिले तर किती?" आणि हप्त्यांची बेरीज मांडायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे व्याज, त्याला नाव काहीही असो.

मग महागडा कुणी घ्यावा?

महागड्या लॅपटॉपला नावं ठेवण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. गिरणीवाल्याला लांब धागा लागतोच.

समजा, चिखलीतला एक दादा लग्नाचे व्हिडिओ जोडण्याचा धंदा करतो. साध्या लॅपटॉपवर एक चित्रफीत तयार व्हायला तीन तास लागतात आणि वेगवान लॅपटॉपवर एक तास. एका हंगामात वीस लग्नं असतील तर चाळीस तास वाचले. त्या वेळात तो आणखी काम घेऊ शकतो. त्याच्यासाठी महागडा लॅपटॉप म्हणजे पेरणीचा ट्रॅक्टर. तो आपले पैसे फेडील. वास्तुशास्त्र शिकणारी, घरांचे त्रिमितीय आराखडे करणारी ताई असेल, तिलाही जास्त ताकदीचं यंत्र लागेल. तिने आधी कॉलेजला विचारावं, की कोणती सॉफ्टवेअर वापरणार आणि त्यांना किमान काय लागतं.

पण मराठीत टाइप करणं, इंटरनेटवर माहिती वाचणं, पाठ पाहणं, गणिताचे तक्ते करणं, स्क्रॅच किंवा पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहायला शिकणं, या कामांना साधा लॅपटॉप पुरेसा आहे. पायथॉन फुकट मिळतं. लिबरऑफिस फुकट मिळतं. प्रोग्राममध्ये चूक असेल तर पंचेचाळीस हजारांचा लॅपटॉपही तीच चूक दाखवतो आणि लाखाचाही तीच दाखवतो!

बहुतेकांसाठी मधली वाट चांगली. पाच-दहा हजार जास्त द्यायचेच असतील तर ते कामाच्या जागी द्या. रॅम ८ ऐवजी १६ जीबी, एसएसडी ५१२ जीबी, जरा उजळ पडदा, आणि जास्त मुदतीची वॉरंटी. मोठ्या ऑफिसांनी वापरून काढलेले, दुरुस्त करून विकलेले लॅपटॉपही मिळतात. त्यांचं अंग मजबूत असतं आणि किंमत कमी. मात्र पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी असेल तरच घ्या, आणि त्याचा प्रोसेसर किती जुना आहे हेही विचारा. विंडोज १० ची गोष्ट विसरू नका.

बैलाचे दात पाहतात ना?

बाजारात बैल घेताना आजोबा काय करतात? दात पाहतात, चालवून पाहतात, खांदा पाहतात. झूल कितीही रंगीत असली तरी झुलीचे पैसे देत नाहीत. लॅपटॉप घेतानाही तसंच करा.

१. घरूनच कागदावर कामांची यादी लिहून न्या. दुकानात गेल्यावर लिहायची नाही!

२. रॅम पुढे वाढवता येते का, ते विचारा. पुष्कळ पातळ, महागड्या लॅपटॉपमध्ये रॅम पाटीवरच जोडलेली असते. ती नंतर बदलता येत नाही. मग आज घेतला तोच आकडा कायमचा.

३. पडदा दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन पाहा.

४. कीबोर्डवर पाच ओळी मराठीत टाइप करून पाहा. बिजागरी चार वेळा उघडून मिटून पाहा.

५. सेवा केंद्र कुठे आहे, त्या गावाचं नाव विचारा. "सगळीकडे आहे" हे उत्तर चालणार नाही.

६. घाटाखालच्या मित्रांनो, तुमच्यासाठी ही खास सूचना. मलकापूर, नांदुरा, खामगाव भागात उन्हाळ्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं, मग लॅपटॉप कितीचाही असो. गादीवर ठेवून वापरायचा नाही, खालच्या हवेच्या जाळ्या बंद होतात. पत्र्याखाली, उन्हात ठेवायचा नाही.

७. वीज कमी-जास्त होते म्हणून घाबरू नका. चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. तेवढी चढउतार तो सोसतो. पण विजा कडाडू लागल्या की पिन काढायचीच.

पालकहो, दोन शब्द

मुलं महागडी वस्तू मागतात, तेव्हा पुष्कळदा ती वस्तू मागत नसतात. वर्गात आपण कमी दिसू नये, एवढंच त्यांना हवं असतं. खेड्यातून शहरातल्या कॉलेजात गेलेल्या मुलीला हे जास्त टोचतं. "परवडत नाही" म्हणून तिला गप्प करू नका. तिला हिशेबाला बसवा. घरात यंदा किती पोती झाली, त्यातले किती कुठे गेले, हे मुलांना सांगायला लाजू नका. सहावी-सातवीच्या मुलांनाही ते समजतं. आणि हिशेब मांडल्यावर महागड्याचीच खरी गरज दिसली, तर मात्र मन घट्ट करून तोच घ्या. गरज असताना तळाचा घेऊन देणं म्हणजे नांगरटीला वासरू जुंपणं.

आणि मुलांनो, तुम्हालाही सांगते. कुणाच्या लॅपटॉपवरचं चिन्ह पाहून स्वतःचा लॅपटॉप दप्तरात लपवू नका. वडिलांनी घामाच्या पैशातून घेतलेली वस्तू टेबलावर ताठ मानेने ठेवायची. शिक्षक तपासतात ते तुमचं उत्तर.

तुम्हीच सोडवा

एका ताईसमोर दोन लॅपटॉप आहेत. 'अ' ची किंमत ४८,००० रुपये. मधेच बॅटरी बदलायला ४,००० रुपये लागतील. 'ब' ची किंमत ८४,००० रुपये.

(१) 'अ' ४ वर्षं आणि 'ब' ६ वर्षं चालला, तर प्रत्येकाचा वर्षाचा खर्च किती?

(२) 'अ' जपून ५ वर्षं वापरला आणि 'ब' ४ वर्षांत बिघडला, तर किती?

(३) दोन्ही किमतींतला फरक तुमच्या गावच्या आजच्या बाजारभावाने किती क्विंटल सोयाबीनचा किंवा कापसाचा होतो? हे घरी आई-बाबांना विचारून मांडा.

उत्तरे : (१) 'अ' १३,००० रुपये, 'ब' १४,००० रुपये. (२) 'अ' १०,४०० रुपये, 'ब' २१,००० रुपये. (३) प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. ते वहीत तारीख घालून लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीच्या भावाशी ताडून पाहता येईल.